आकड्यातल्या त्या बाईला नोकरी लागलेली नाही : संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वर्तमानपत्रांचे व वृत्तवाहिन्यांचे संपादक आणि अर्थविषयक बातम्या देणारे सर्व पत्रकार

सप्रेम नमस्कार,

परवा संध्याकाळी टीव्हीच्या पडद्याखालून पुन्हा तीच पट्टी सरकताना पाहिली : 'देशात कोट्यवधी नवीन नोकऱ्या'. गेली काही वर्षं ही पट्टी येते आणि जाते, छापील पेपरातही तेच शब्द मोठ्या अक्षरात येतात. आजवर मी गप्प बसले. पण हा आकडा कुठून येतो ते मी उंबऱ्यात बसून पाहिलं आहे. तो गोळा करणाऱ्या हजारो हातांपैकी दोन हात माझे होते. म्हणून आता बोलणं भाग आहे.

काही वर्षं मी क्षेत्र अन्वेषक म्हणून श्रमशक्ती सर्वेक्षणात काम केलं. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, ज्याला सगळे पीएलएफएस म्हणतात, ते एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालं. त्याआधी रोजगाराची मोठी पाहणी साधारण पाच वर्षांतून एकदा व्हायची, शेवटची २०११-१२ ची. म्हणजे आज तुम्ही रोजगाराबद्दल जे काही छापता, त्याचा बहुतेक भाग आमच्यासारख्यांनी दारोदार फिरून, टॅबवर एकेका माणसापुढे एकेक कोड भरून तयार केलेला असतो.

तो कोड कसा भरला जातो ते एकदा नीट सांगते. गाव आणि नाव सांगणार नाही. घरातल्यांनी विश्वासाने दिलेली माहिती बाहेर जाऊ नये, हा आमच्या कामाचा पहिला नियम होता आणि मी तो आजही पाळते.

दुपारची वेळ होती. ओट्यावर बसून टॅब उघडला. घरातल्या माणसांची यादी झाली, वयं झाली, शिक्षण झालं. नवरा स्वतःची कोरडवाहू जमीन कसतो : कोड ११. मुलगा कॉलेजात : ९१. मग तिची पाळी आली.

"तुम्ही काय करता?"

"काही नाही ओ ताई, घरीच असते."

इथेच थांबलं तर ९२ लिहायचा. ९२ म्हणजे फक्त घरकाम, म्हणजे रोजगारात नाही आणि बेरोजगारही नाही, श्रमशक्तीच्या बाहेर. पण पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही असं आम्हाला शिकवलं होतं.

"म्हशी किती आहेत?"

"दोन."

"दूध डेअरीला घालता?"

"घालतो की."

"धार कोण काढतं?"

ती हसली. "मीच. दुसरं कोण काढणार?"

"वैरण? शेणपाणी?"

"तेही मीच. आन् खुरपणीला जाते, पण आपल्याच रानात. दुसऱ्याच्या नाही."

"दुधाचे पैसे?"

"त्यांच्या खात्यावर येतात."

मी २१ निवडला. २१ म्हणजे घरच्या उद्योगात बिनपगारी मदत करणारी व्यक्ती. त्या क्षणी देशाच्या रोजगारात एकाची भर पडली. तिच्या दिवसात मात्र काहीही बदललं नव्हतं. त्या पहाटेही तिने धार काढली होती आणि दुसऱ्या पहाटेही काढणार होती. मी आणखी चार प्रश्न विचारले, एवढाच काय तो फरक.

आता पुढचं गणित बघा. त्या काळात वर्षाला साधारण एक लाख घरांची पाहणी व्हायची. २०११ च्या जनगणनेनुसारच देशात सुमारे २५ कोटी कुटुंबं होती. म्हणजे नमुन्यातलं एकेक घर सरासरीने अडीच हजारांहून जास्त घरांच्या वतीने बोलत होतं. ओट्यावरचा तो २१ दिल्लीत पोहोचेपर्यंत हजारो बायकांचा झाला, आणि तुमच्या मथळ्यात पोहोचला तेव्हा त्याची 'नोकरी' झाली.

तिचं काम मोजलं गेलं याचा मला अभिमान आहे, हे आधीच स्पष्ट सांगते. तिच्या कष्टाला सरकारी कागदावर 'काम' म्हटलं गेलं, हे योग्यच झालं. खरं तर ९२ कोडवाली बाईही बसून नसते. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामात ते काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. माझी तक्रार मोजण्याबद्दल नाहीच. मोजलेल्या गोष्टीला तुम्ही जे नाव देता, त्याबद्दल आहे. तिचं बिनमोल राबणं मोजायचं आणि त्याच मोजणीचा पुरावा देऊन नोकऱ्या आल्या म्हणायचं, हे मला पटत नाही, आणि माझ्या हाताने भरलेल्या कोडबाबत तर मुळीच नाही.

तेव्हा पहिला आक्षेप शब्दाबद्दलच. आपली भाषा या बाबतीत गरीब नाही. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असं म्हणणाऱ्या लोकांना नोकरी हा कामाचा फक्त एक प्रकार आहे हे कोणी शिकवायला नको. नोकरी, मजुरी, धंदा, शेती, घरचं काम असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे रोजच्या वापरात आहेत. तरीही एकूण रोजगाराचा आकडा आला की सगळ्याची नोकरीच होते. जुलै २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या केएलईएमएस या माहितीसंचातले आकडे आले. २०२२-२३ मध्ये देशात ५९.६७ कोटी लोक कामात होते आणि २०२३-२४ मध्ये ६४.३३ कोटी, म्हणजे एका वर्षात साडेचार कोटींहून अधिक वाढ. या आकड्यांचाही पाया श्रमशक्ती सर्वेक्षणच. मी त्या दिवसांत वाचलेल्या बातम्यांमध्ये ही वाढ 'नोकऱ्या' म्हणूनच आली होती.

ती वाढ कशी तयार होते ते बघायला फार गणित लागत नाही. सर्वेक्षणानुसार सर्व वयांच्या शंभर माणसांमध्ये काम करणारी माणसं २०२२-२३ मध्ये ४१.१ होती, पुढच्या वर्षी ४३.७ झाली. फरक २.६ चा. १४० कोटींच्या देशात २.६ टक्के म्हणजे साडेतीन कोटींहून जास्त माणसं, आणि त्यात लोकसंख्येची नेहमीची वाढ. कोटींचा डोंगर या २.६ टक्क्यांवर उभा आहे. त्या २.६ मध्ये कारखान्याच्या गेटवर हजेरी लावणारे किती, टपरी टाकून बसलेले किती आणि म्हशीची धार काढणाऱ्या किती, हे एकूण आकडा सांगत नाही. पण ज्या सर्वेक्षणावर तो उभा आहे, त्याच्या अहवालात ते सगळं लिहिलेलं असतं, फक्त पुढची पानं उलटावी लागतात.

ती पानं काय सांगतात? २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्या शंभरांपैकी ५२.२ जण स्वयंरोजगारात होते (२१ कोडवाले बिनपगारी मदतनीसही यातच धरतात), २०२३-२४ मध्ये ५८.४. नियमित पगारावर असलेले २२.८ वरून २१.७ वर आले. रोजंदारीवरचे २४.९ वरून १९.८ वर. पंधरा वर्षांवरील बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत इतकी उडी ही मोठीच बातमी आहे, ती पहिल्या पानावर यायलाच हवी. पण तिच्याच पोटात दुसरी बातमी आहे : काम करणाऱ्या बायकांमध्ये स्वयंरोजगारातल्या बायकांचं प्रमाण ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेलं. आणि २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या दर शंभर बायकांपैकी सुमारे ३७ जणी माझ्या त्या २१ कोडमध्ये होत्या, म्हणजे काम आहे पण हातात दमडी नाही. यातल्या काही खरोखर नव्याने कामाला लागल्या असतील, काही आधीपासून राबत होत्या आणि आता नोंदल्या गेल्या. दोन्ही शक्यता वाचकापुढे ठेवायला किती जागा लागते? दोन ओळी.

दुसरा आक्षेप : कुठल्या फूटपट्टीने मोजलं ते तुम्ही सांगत नाही. आमच्याकडे दोन फूटपट्ट्या होत्या. एक 'नित्य स्थिती', तिच्यात मागचे ३६५ दिवस बघायचे. वर्षातला बराचसा काळ माणूस काय करत होता ते आधी ठरवायचं, आणि तो कामात नसला तरी त्याने वर्षात ३० दिवस किंवा त्याहून जास्त काम केलं असेल तर त्याला दुय्यम कामामुळे रोजगारात धरायचं. दुसरी 'साप्ताहिक स्थिती'. तिच्यात मागचे सात दिवस बघायचे आणि त्यात कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं असेल तरी त्या आठवड्यापुरता माणूस रोजगारात.

या व्याख्या कोणी फसवायला केलेल्या नाहीत. एका तासाची अट जगभर आहे, आणि तिच्यामागे कारण आहे : थोडंसंही काम नोंदीतून सुटू नये. पण वाचकाला ती माहीत असायला हवी की नको? रोजगार हमीच्या कामावर वर्षात ३० दिवस माती उचलली आणि उरलेले महिने काम शोधत फिरला, असा मजूर वार्षिक आकड्यात 'कामात असलेला' असतो. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, काम मागेल त्याला काम हा हक्क लिहून दिला, त्या महाराष्ट्राच्या वाचकाला तीस दिवस काम आणि बाकीचं वर्ष वाट बघणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. फक्त व्याख्या छापावी लागते.

फूटपट्टी न सांगितल्याने केवढा घोळ होतो बघा. २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात पंधरा वर्षांवरील लोकांची बेरोजगारी नित्य स्थितीनुसार ३.२ टक्के होती. त्याच वर्षी, त्याच घरांमध्ये, साप्ताहिक स्थितीनुसार ४.९ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. मे २०२५ मध्ये पहिलं मासिक पत्रक आलं, त्यात एप्रिलची बेरोजगारी ५.१ टक्के, साप्ताहिक स्थितीनुसार. आता कोणी ३.२ शेजारी ५.१ ठेवून बेरोजगारी भडकली असं लिहिलं तर तेही चूकच. वरून जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचनाच बदलली आहे. नमुना २ लाख ७२ हजार घरांपर्यंत वाढवला आहे, त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलना जपूनच करायला हवी. सरकारच्या बाजूने लिहिणारे ३.२ उचलतात, विरोधात लिहिणारे दुसरा आकडा उचलतात, आणि वाचकाला वाटतं की आकडेच खोटे. सर्वेक्षणावरचा लोकांचा विश्वास असा उडतो. त्याचा फटका नंतर उंबऱ्यावर उभ्या असलेल्या अन्वेषकाला बसतो. 'तुमचे आकडे काय, हवे तसे फिरवता' हे मी दारात उभी राहून ऐकलं आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकूण रोजगार वाढला म्हणजे अर्थव्यवस्था सुधारली, असं तुम्ही गृहीत धरता. आपल्यासारख्या देशात ते गृहीत धरता येत नाही. ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याला बेरोजगार राहणं परवडतच नाही. कारखाना बंद पडला तर तो घरी बसून कामाची वाट बघत नाही, गावी जातो आणि भावाच्या शेतात उभा राहतो. काल पगार घेत होता, आज कोड २१. एकूण आकड्यात तो काल एक होता आणि आजही एकच आहे. त्याच्याबरोबर त्याची बायकोही रानात जाऊ लागली तर एकाचे दोन झाले. घराची मिळकत निम्म्यावर आली आणि रोजगार दुप्पट झाला.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. करोनाची वर्षं आठवा. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरांतली बेरोजगारी साप्ताहिक मोजमापात सुमारे २१ टक्क्यांवर गेली होती. पण वार्षिक आकडे पाहा : २०१८-१९ मध्ये बेरोजगारी ५.८ टक्के, टाळेबंदीचे महिने ज्यात येतात त्या २०१९-२० मध्ये (पाहणीचं वर्ष तेव्हा जुलै ते जून असायचं) ४.८, आणि २०२०-२१ मध्ये ४.२. रस्त्याने पायी निघालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली, आणि वार्षिक तक्त्यात बेरोजगारी उतरत होती. कारण त्याच तक्त्यांच्या दुसऱ्या रकान्यात आहे. शेतीत असलेल्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होतं, ते २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झालं. देश प्रगत होतो तशी माणसं शेतीतून बाहेर पडतात, असं आपण शाळेपासून शिकलो. इथे गाडी उलटी फिरली होती. आणि २०२३-२४ मध्येही हे प्रमाण ४६.१ टक्के होतं, म्हणजे गेलेली माणसं फारशी परतलेली दिसत नाहीत. जवळपास निम्मे हात शेतीत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी. त्या वाट्यातून इतक्या हातांना काय मिळत असेल, याची बातमी व्हायला हवी.

याच्या उलटही घडू शकतं. चार पैसे आले, मुलीला पुढे शिकवायचं ठरलं, तर ती शेतातलं काम सोडून कॉलेजला जाते आणि रोजगाराच्या आकड्यात एक कमी होतो. म्हणून एकूण आकडा चढला की आनंद आणि उतरला की दुःख, इतकं सोपं ते नाही. डॉक्टर फक्त ताप बघून औषध देत नाही, तसंच हे.

आणि हे मी काही नवीन सांगत नाही. प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७० सालीच सांगितलं होतं की आपल्यासारख्या देशात, जिथे बहुतेक लोक स्वतःच्या किंवा घरच्या कामात आहेत, तिथे बेरोजगारीचा एकच एक ढोबळ आकडा उपयोगाचा नाही. कोण, कुठे, कशा प्रकारच्या कामात, हे वेगवेगळं मांडलं पाहिजे. १९७२-७३ पासूनची रोजगाराची राष्ट्रीय नमुना पाहणी त्या विचारावर उभी राहिली. अन्वेषक आजही वेगवेगळं लिहून आणतात आणि अहवालात वेगवेगळं छापलंही जातं. एकत्र कालवलं जातं ते तुमच्या मथळ्यात.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगते. पहिली म्हणजे 'इतके कोटी' हा आकडा सर्वेक्षण स्वतः मोजत नाही. सर्वेक्षण प्रमाण देतं, मग ते प्रमाण लोकसंख्येच्या अंदाजाशी गुणलं जातं. आणि तो अंदाज आहे २०११ च्या जनगणनेवरून पुढे ताणलेला, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. तोवर कोटींमधला प्रत्येक आकडा अंदाज आहे हे लक्षात ठेवून लिहा. दशांश चिन्हापुढचे अंक पाहून तो मोजून आणल्यासारखा वाटतो, पण तसा तो नाही. प्रमाण हा जास्त भरवशाचा आकडा आहे, म्हणून तो आधी यायला हवा.

दुसरी गोष्ट भविष्यनिर्वाह निधीच्या आकड्यांची. दर महिन्याला 'ईपीएफओत इतके लाख वाढले' ही बातमी येते आणि तिचीही नोकरभरती होते. त्या आकड्यात नव्याने आलेले आणि सोडून परत आलेले मिळवून गेलेले वजा केलेले असतात, तो तात्पुरता असतो आणि पुढच्या महिन्यांत बदलतो. हे सगळं त्या पत्रकातच लिहिलेलं असतं. शिवाय या निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. एका कारखान्यात एकोणीस माणसं दहा वर्षं काम करत आहेत, विसावा आला आणि कायदा लागू झाला. निधीच्या यादीत वीस नावं नवीन, पण नोकरी नवीन एकच. त्या एकोणीस जणांना निधीचं संरक्षण मिळालं ही चांगली बातमी आहे, आणि तीच द्यावी. भरतीची बातमी ती नव्हे.

एकूण रोजगाराचा आकडा फेकून द्या असं मी म्हणत नाही. देशात किती हात कामात आहेत हे कळल्याशिवाय दरडोई उत्पादन कळत नाही, सामाजिक सुरक्षेचा खर्च ठरत नाही, शाळा-पाळणाघरांची गरज कळत नाही. मी स्वतः तो आकडा आला की आधी तोच बघते. पण त्यानंतर लगेच दुसऱ्या तक्त्यावर जाते : पगारी किती, रोजंदारीवर किती, स्वतःच्या जोरावर किती, बिनपगारी किती. मग शेती किती. मग बायका-पुरुष वेगळे. मग मिळकत. हे चार तक्ते बघेपर्यंत मला बातमी काय आहे ते कळलेलं नसतं.

तुमच्यावर कामाचा किती ताण असतो याची मला कल्पना आहे. दुपारी पत्रक येतं, संध्याकाळपर्यंत बातमी जायला हवी असते, आणि मथळ्यात मोजकेच शब्द बसतात. 'नोकरी' हा शब्द छोटा आहे आणि लोकांच्या काळजाला भिडतो, म्हणून तो पडतो. पण तो वाचणारा बावीस वर्षांचा मुलगा ज्या खोलीत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडून बसलेला असतो, तिथे त्या शब्दाचा अर्थ वेगळा होतो. कोट्यवधी नोकऱ्या आल्या आणि मला एकही नाही, म्हणजे दोष माझाच, असं त्याला वाटतं. पंधरा ते एकोणतीस वयोगटातली बेरोजगारी २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के होती, म्हणजे एकूण ३.२ च्या तिपटीहून जास्त. अशी मुलं मला पाहणीत भेटली आहेत. आईवडिलांसमोर 'काम शोधतोय' म्हणताना मान खाली घालणारी. ८१ हा त्यांचा कोड. त्यांना खोटा दिलासा नको आणि खोटी लाजही नको.

म्हणून माझ्या मागण्या साध्या शब्दांत लिहिते.

एकूण रोजगाराच्या वाढीला 'नोकऱ्या' म्हणू नका. 'कामात असलेल्यांची संख्या' म्हणा. नोकरी हा शब्द नियमित पगारावर असलेल्यांसाठी राखून ठेवा.

प्रत्येक बातमीत पहिल्या तीन वाक्यांत सांगा : आकडा वर्षाचा की आठवड्याचा, कोणत्या वयाच्या लोकांचा, आणि कामात असण्याची व्याख्या काय.

एकूण आकड्याच्या शेजारी एक छोटी चौकट द्या, दर वेळी तीच : पगारी, रोजंदारी, स्वयंरोजगार, त्यातले बिनपगारी मदतनीस, आणि शेतीचं प्रमाण. बायका आणि पुरुष वेगळे. एकदा साचा तयार केला की दर वेळी फक्त अंक बदलायचे आहेत.

दोन वेगळ्या फूटपट्ट्यांचे आकडे एका वाक्यात तुलनेला ठेवू नका, मग ती तुलना कोणाच्याही फायद्याची असो. एका महिन्यात ०.१ टक्क्याचा फरक पडला तर त्याला उसळी किंवा घसरण म्हणू नका. नमुना पाहणीत तेवढं इकडेतिकडे होणारच.

भविष्यनिर्वाह निधीच्या बातमीत 'निव्वळ' आणि 'तात्पुरते' हे दोन शब्द गाळू नका. आणि मागचा आकडा सुधारला गेला तर ती सुधारणाही त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे द्या.

आजवर चुकीचा शब्द गेला असेल तर एकदा खुलासा करा.

रोजगाराचं मासिक पत्रक आता दर महिन्याच्या मध्यावर येतं. पुढचं येईल त्या रात्री मी बातम्या लावून बसेन आणि दुसऱ्या दिवशी पेपर उघडेन. चौकट आहे का ते बघेन आणि त्या चौकटीत बिनपगारी मदतनिसांची ओळ आहे का तेही. त्या ओट्यावरून उठताना तिने मला विचारलं होतं, "ताई, माझं काय लिहिलंत?" मी म्हटलं, "तुम्ही काम करता असं लिहिलं." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरं केलंत." मी तिला एवढंच सांगितलं होतं. नोकरी लागली असं सांगितलं नव्हतं.

आपली,
श्रमशक्ती सर्वेक्षणातली एक माजी क्षेत्र अन्वेषक